एका मताचं घर

शुक्रवार, २३ एप्रिल २०२१, रात्र

सोमवारपासून एकच गोष्ट मनात ठसठसते आहे. आज म्हापसा नगरपालिकेसाठी मत देऊन आले, बोटाला शाई लागली, म्हटलं संपलं. पण नाही. मघाशी भिरंडं, कोकमाची फळं, फोडतानाही तेच डोक्यात. शेवटी हात धुतले आणि वही घेतली.

सोमवारी संध्याकाळी मत मागणारे आले. सात-आठ जण, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, एकाच्या हातात पत्रकांचा गठ्ठा, बाळूच्या हातात यादी. गल्लीच्या तोंडाशी आवाज ऐकला तशी मी उठले. पदर नीट केला, मास्क लावला, दुपारी करून ठेवलेलं कोकमाचं सरबत आणून सोप्यावर ठेवलं. आठ पेले मांडले. करोनाच्या दिवसांत कोणी पिणार नाही हे कळत होतं, तरी मांडले. या घरात मत मागायला आलेला माणूस कोरड्या तोंडाने परत गेलेला नाही, मग तो कुठल्याही पॅनलचा असो.

कामतांकडे गेले. डिसोझांच्या दारापुढच्या बलकावात पाच मिनिटं उभे राहिले. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले. मग आमचं फाटक. मी कडीला हात घातला होता. बाळूने यादीत पाहिलं, पेनाने काहीतरी खूण केली, आणि सगळे पुढे गेले.

फाटकापासून सोप्यापर्यंत जेमतेम दहा पावलं. ती परत चालायला मला खूप वेळ लागला. अपमान म्हणावा तर कोणी वावगं बोललं नव्हतं. कोणी काहीच बोललं नव्हतं. पेले तसेच उचलून आत नेले. त्यातला एक प्यायले, बाकीचं सरबत पुन्हा भांड्यात ओतताना हात थोडा थरथरला.

रात्री सुधीरचा फोन आला तेव्हा सांगितलं. तो म्हणाला, "आई, बरंच झालं ना, केसेस किती वाढल्यात बघ." खरं आहे त्याचं. बुधवारपासून रात्रीची संचारबंदीही लागली. पण मी त्याला आजाराचं सांगत नव्हते. त्याचं नाव आता पुण्याच्या यादीत आहे. ते तिकडे नेताना मीच म्हटलं होतं, ने.

आमचं हे सात मतांचं घर होतं. मामंजी, सासूबाई, भावजी, जाऊबाई, हे, मी आणि माडीवरचे काका. सात मतं म्हणजे नगरपालिकेच्या निवडणुकीत खायचं काम नाही. अख्खा प्रभाग हजार-दीड हजार मतांचा, त्यात चार-पाच उमेदवार उभे. दहा-वीस मतांवर माणूस पडतो. तेव्हा उमेदवार चपला काढून सोप्यावर बसायचे आणि मामंजी त्यांना सोडायचे नाहीत. गटाराचा उतार कुठे चुकला आहे ते काठीने अंगणात रेघ ओढून दाखवायचे. दर पाच वर्षांनी तीच रेघ. १९९० च्या दशकात एकदा तो उतार खरंच नीट झाला, तेव्हा मामंजींनी सगळ्या वाड्यावर पेढे वाटले होते.

तो उतार आता पुन्हा बिघडला आहे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी लादी बदलली तेव्हापासून जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुळशीपर्यंत येतं. मी कागदावर लिहून ठेवलं होतं. गटार, आणि कोपऱ्यावरचा दिवा. दोनच गोष्टी. कागद पेल्यांच्या खाली ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

आता वाटतं, सगळं दुखणं त्या कागदाचंच होतं. मत मागायला येतात तो एवढाच वेळ असतो, जेव्हा ते उभे असतात आणि आपल्याला बोलता येतं. एरवी नगरपालिकेच्या जिन्यात आपण उभे आणि ते घाईत. मागायलाच आले नाहीत तर सांगायचं कोणाला?

मंगळवार-बुधवार मी स्वतःला खूप बोलून घेतलं. एकटी बाई, पासष्टी उलटलेली, एक मत. एका मतासाठी आठ माणसांनी फाटक का उघडावं? जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलं तर एका दारामागे पाच मतं मिळतात. हिशेब चूक नाही. गणित मीही आयुष्यभर शिकवलं. पण हे घर रिकामं होत गेलं ते माझ्या डोळ्यांदेखत, एकेक करून, आणि कोणीतरी ते यादीत मोजून ठेवलेलं आहे, हे सोमवारपर्यंत माझ्या मनात आलं नव्हतं. यांचं नाव यादीतून काढायचा अर्ज मीच भरला होता. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आणि यंदा तर मी या निवडणुकीकडे डोळे लावून बसले होते. २०१५ नंतर आत्ता होते आहे. मुदत संपली तेव्हा करोना, म्हणून पुढे गेली. मग प्रभागांच्या आरक्षणाचा घोळ. १ मार्चला उच्च न्यायालयाने म्हापसा, मडगाव, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांचं आरक्षण रद्द केलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही १२ मार्चला तेच कायम झालं. बायकांना एक तृतीयांशापेक्षा कमी जागा चालणार नाहीत. वर हेही सांगितलं की सरकारचा कायदा सचिवच निवडणूक आयुक्त असणं घटनेत बसत नाही, आयुक्त सरकारपासून स्वतंत्रच हवा. ३० एप्रिलच्या आत सगळं उरका म्हणाले. पणजीचं मतदान २० मार्चला झालंही, डिचोली, पेडणे, वाळपईचंही त्याच दिवशी. आमचं आज.

१२ मार्चची ती बातमी मी दोनदा वाचली होती. म्हापशाचे २० प्रभाग, भागिले तीन, सहा पूर्णांक सहासष्ट. सहावर थांबलात तर एक तृतीयांश भरत नाही, सातवी बाई बसवावीच लागते. तिसरीच्या मुलीला कळेल असा भागाकार, आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं. तरी मला आनंद झाला होता. मग आमचाच प्रभाग बायकांसाठी राखीव झाला आणि तिचं नाव आलं.

ती माझ्या वर्गातली. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं. खिडकीजवळच्या बाकावर बसायची, पाढे बिनचूक, पण विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. पत्रकावर तिचा फोटो आहे आणि त्याच्या दुप्पट तिच्या नवऱ्याचा. सोमवारी तोच पुढे होता, बोलत होता, हात जोडत होता. ती घोळक्यात शेवटी. आमचं फाटक मागे पडलं तेव्हा तिने एकदा वळून पाहिलं. मास्कमुळे ओठ दिसत नव्हते. मी हात वर केला की नाही, मला आठवत नाही. हेच जास्त खातं आहे.

आज सकाळी लवकर गेले. मतदान नेमकं शुक्रवारी आलं. म्हापशाचा शुक्रवार म्हणजे बाजार, आणि एप्रिलअखेरचा शुक्रवार म्हणजे पुरुमेंताची, पावसाळ्याच्या बेगमीची खरेदी. हरमलची मिरची, सुकी सुंगटं, चिंच. यंदा ते सगळं मनातच राहिलं. शाळेच्या अलीकडे पिंपळाखाली तिच्या माणसांचं टेबल होतं. बाळू बसला होता. "बाई, तुमचा नंबर काढून देतो," म्हणाला आणि त्याने यादी उघडली. माझा चश्मा डोळ्यांवर होता. आमच्या घर नंबरापुढे निळ्या पेनाने १ लिहिलेला आणि त्याला गोल.

मी विचारलं, "बाळू, सोमवारी आमच्याकडे आला नाहीत?"

तो हसला. मनापासून हसला, पोरगा वाईट नाही. "तुमचें कितें विचारपाचें बाई? तुमी आमचींच न्हय?"

मी चिठ्ठी घेऊन पुढे गेले. एवढं साधं उत्तर. चार दिवस मी समजत होते की माझं एक मत त्यांना मोजण्याइतकंही वाटलं नाही. प्रत्यक्षात ते सगळ्यात आधी मोजून, गोल करून ठेवलेलं होतं. बाईंनी शिकवलं, बाई आपल्याच, मग बाईंना काय विचारायचं. यात प्रेम आहे, हे मला कळतं. आणि तरी आधीपेक्षा जास्त लागलं.

रांगेत उभी असताना एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीत असताना मी किती निवडणुकांची ड्यूटी केली. शाई लावायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. काजूच्या दिवसांत त्याच्या डिकाने, चिकाने सोललेली बोटं, मासे विकणाऱ्या बायकांची पाण्याने सुरकुतलेली बोटं, मिठागरातल्या माणसांची भेगाळलेली बोटं. एकदा ड्यूटी आमच्याच वाड्याजवळ आली आणि सासूबाई मत द्यायला आल्या. पहिला अधिकारी आमच्याच शाळेतला मास्तर, आमच्याकडे चतुर्थीला जेवायला येणारा. तरी त्याने मान वर करून विचारलं, "नाव?" सासूबाई गडबडल्या. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांच्या तोंडून त्यांचं पूर्ण नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मास्तराने ते मोठ्याने वाचलं, एजंटांनी यादीत खूण केली, आणि त्या माझ्यासमोर आल्या. बोट पुढे करताना त्यांचा चेहरा वेगळाच होता. घरी आल्यावर म्हणाल्या, "त्याने मला विचारलं गो." एवढंच.

आज माझ्यासमोर एक अगदी तरुण मुलगी बसली होती, काचेच्या पट्टीआड, हातात मोजे. तिला मी कोण, कोणाची, काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "नाव?" मी पूर्ण नाव सांगितलं. आवाज मास्कमधून नीट पोचला नाही, तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना घशात काहीतरी दाटून आलं आणि मी उगाच खोकले. करोनाच्या दिवसांत खोकले म्हणून मागचे दोघे बिचकले.

कोणाला मत दिलं ते इथेही लिहीत नाही. पडद्याआड मात्र मी बराच वेळ उभी राहिले. तिचं नाव वाचलं. आणि मनात आलं, हिला तरी कोणी विचारलं असेल का? प्रभाग राखीव झाला त्या रात्री, त्यांच्या स्वयंपाकघरात, तिच्यासमोर बसून कोणी म्हटलं असेल का, तुला उभं राहायचं आहे का? की तिथेही कोणीतरी हसून म्हणालं असेल, तुझें कितें विचारपाचें? विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी पोर. मी दोन वर्षं तिला पाढेच विचारत राहिले. दुसरं काही विचारायचं मला सुचलं नाही.

घरी आल्यावर तो कागद शोधला. पेल्यांच्या खालून काढून मी तो पंचांगात घातला होता. त्यावर सरबताचा गोल डाग पडला आहे, पण अक्षर वाचता येतं. आता पुन्हा स्वच्छ लिहून काढते. सोमवारी २६ ला मोजणी. जो कोणी निवडून येईल त्याच्या हातात तो देईन, फाटकाशी कोणी थांबायची वाट न पाहता, स्वतः जाऊन. ती आली तर तिच्याच हातात देईन, नवऱ्याच्या नाही. आणि तिला बसवून विचारेन, कशी आहेस. मामंजींसारखी काठीने रेघ मला ओढता येणार नाही, कंबर वाकत नाही, पण उतार कुठे चुकला ते बोटाने दाखवता येईल.

दुपारपासून मन बरंच शांत आहे. बाळूचा रागही राहिला नाही. संध्याकाळी तो रस्त्याने जाताना दिसला, हाक मारून त्याला भिरंडांचं सरबत दिलं. उभ्या उभ्या प्यायला, मास्क हनुवटीवर ओढून. कोण येणार म्हणून मी विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

भिरंडांचा रंग नखांत गेला आहे आणि शाईची रेघ त्यात मिसळून जांभळी दिसते. सोलं आज एक ऊन खाऊन झाली. उद्या सकाळी आगळात, भिरंडांच्याच रसात, बुडवून पुन्हा वाळत घालायची, तशी अजून दोन-तीन पुटं तरी द्यायची आहेत. रात्री दव पडेल, सुपं आत घ्यायला हवीत.