मागाच्या खोलीतला खर्ज

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराची मधली खोली अजून 'मागाची खोली' म्हणूनच ओळखली जाते. वडिलांचा माग तिथं होता. साडीचा ताणा लांब पसरावा लागे म्हणून खोलीही लांबट: सव्वासोळा फूट लांब, अकरा फूट रुंद, साडेनऊ फुटांवर लाकडी फळ्यांचा माळा. मागाचा खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली, पण तेवढ्या भागातल्या फरशीचा रंग आजही वेगळा दिसतो. वडील मागावर बसून धारवाड आकाशवाणी ऐकायचे. माझे कान त्या रेडिओवर तयार झाले. त्यामुळे गाणं ऐकायची खोली करायची म्हटल्यावर दुसरी कुठली जागा मनात आलीच नाही.

जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घ्यायचे हे आधीच ठरलं होतं. लहान स्पीकर स्टँडवर ठेवले तरी जागा तेवढीच अडते, आणि भाचरं पळापळी करताना स्टँडला धक्का लागायची भीती कायम. उंच स्पीकरची पेटी मोठी असते, त्यामुळे तंबोऱ्याच्या खर्जापर्यंत, म्हणजे त्याच्या सगळ्यात खालच्या सुरापर्यंत, तो सहज उतरतो. मला खर्जच हवा होता. ख्याल ऐकणाऱ्याला तंबोरा नीट ऐकू आला नाही, तर गायक कुठल्या जमिनीवर उभा आहे तेच कळत नाही.

पहिली जोडी पुण्याहून आणली. दुकानातली ऐकण्याची खोली हॉलएवढी, खाली जाड गालिचा, भिंतींना कापडी पॅनेल. तिथं त्या दोन-दोन आठ इंची वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागांच्या) स्पीकरांनी मला अक्षरशः भारून टाकलं. घरी येऊन जोडले, तर काळी एकमधल्या (पेटीची पहिली काळी पट्टी हा ज्याचा षड्ज, अशा) गायकाचा तंबोरा सुरू होताच सगळी खोली घुमायला लागली. आई शेजारी पाटावर बसली होती. ती म्हणाली, "अरे, तंबोरा कुठं हाय ह्यात? नुसता घूं घूं आवाज येतोय की." काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंची रेकॉर्ड लावली तर घुमणं बरंच कमी. तिथंच मला शंका आली की दोष सगळा स्पीकरचा नाही.

काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर लागतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे त्या स्वराची लाट जवळपास पाच मीटर लांब. आणि सव्वासोळा फूट म्हणजेही जवळपास पाच मीटर! समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ही लाट अगदी मापात बसते, परत परत आपटून स्वतःवरच चढते. वडिलांनी मागासाठी बांधलेली खोली नेमकी काळी एकच्या खर्जाला लागलेली निघाली.

खात्री करायला फोनमधून ६९ हर्ट्झचा साधा सलग सूर ॲम्प्लिफायरला दिला आणि खोलीभर चालत फिरलो. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकून होती, तिथं सूर छातीत धडकत होता. एकेक फरशी पुढं सरकलो. भिंतीपासून चार फुटांवर आलो आणि सूर जवळजवळ नाहीसाच झाला. आणखी पुढं खोलीच्या मध्यावर पोचलो तर पुन्हा तोच धडका. स्पीकर तोच, आवाजाची कळ तिथंच, फक्त माझं डोकं हललेलं. तेव्हापासून कुणी 'कुठला स्पीकर घेऊ' विचारलं की मी आधी 'खोली केवढी, बसणार कुठं' असं विचारतो.

ते आठ इंची स्पीकर परत केले. दुकानदारानं कुरकुर करून थोडे पैसे कापून घेतले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला दुकानात जाताना टेप, खोलीचा नकाशा आणि माझ्याच पाच रेकॉर्डिंग घेऊन गेलो. बारीक अंगाचे, प्रत्येकी दोन साडेसहा इंची वूफर असलेले स्पीकर निवडले. पेटीतली हवा आत-बाहेर करणारं वाऱ्याचं भोक मागं असेल तर भिंतीजवळ ठेवल्यावर खर्ज आणखी फुगण्याची शक्यता, म्हणून भोक पुढच्या बाजूला असलेले घेतले. त्या भोकाला बारीक जाळी लावून घेतली, कारण आमच्याकडे कुंभारमाशी मोकळं छिद्र दिसलं की आठवड्यात चिखलानं बुजवते. वूफरच्या कोनच्या, म्हणजे हलणाऱ्या पडद्याच्या, कडेला फोम नको, रबर हवं, हाही माझा आग्रह होता. जुन्या स्पीकरचा फोम हातात पिठासारखा सुटलेला मी पाहिला आहे, आणि बेळगावचा पावसाळा कशाचीच गय करत नाही.

माझा ॲम्प्लिफायर ५० वॅटचा, म्हणून संवेदनशीलताही पाहिली. एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर ८७ वाल्यापेक्षा निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज देतो. मला जास्त जोर नकोच होता. गल्लीतले यंत्रमाग रात्री थांबले की मगच माझं ऐकणं सुरू होतं, आणि तेव्हा शेजारी झोपलेले असतात.

मांडणीला तीन रविवार गेले. पुस्तकांचं कपाट बसवायला आलेला कन्नड सुतार थोडा वेळ थांबून ऐकत राहिला, आणि स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाला, "अण्णा, स्वल्प मुंद तर्री." थोडे पुढं घ्या. त्यानं आकडेमोड केली नव्हती, पण कान बरोबर होता. आता स्पीकर पुढच्या भिंतीपासून तीन फुटांवर आहेत, एकमेकांपासून सात फुटांवर, तोंडं किंचित माझ्याकडे वळवलेली. खुर्ची मागच्या भिंतीपासून पावणेतीन फूट. चार फुटांवर खर्ज मरतो, भिंतीशी फुगतो, इथं तो जेवढ्यास तेवढा आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा पुस्तकातला समभुज त्रिकोण माझ्या खोलीत होत नाही आणि त्यावाचून अडलंही नाही.

बाजूच्या भिंतींसाठी भाचीला दाढीचा आरसा धरून भिंतीलगत हळूहळू चालायला लावलं. मी खुर्चीत बसलेलो. आरशात जिथं स्पीकर दिसला तिथं तिनं खडूनं फुली मारली. आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो तो याच जागेवरून. एका फुलीवर पुस्तकांचं कपाट आलं, दुसरीवर जाड घोंगडी टांगली. पूर्वी टाळी वाजवली की पत्र्यासारखा झणझणाट यायचा, तो गेला. घोंगडीनं खर्जात मात्र तसूभर फरक पडला नाही. पाच मीटरच्या लाटेला दोन बोटं लोकर काय अडवणार?

आईची बैठक खालीच. उंच स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा भाग, खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाजवळ येतो, पाटावर बसणाऱ्याच्या मात्र डोक्यावरून जातो. म्हणून तिच्यासाठी मागचे दोन खिळे-पाय थोडे उंच करून स्पीकर पुढं झुकवायची सोय ठेवली आहे. परवा रात्री तसे झुकवले आणि कुमार गंधर्वांचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, १९२४ चा. हे तिला माहीत आहे, तरी मी दर वेळी सांगतो. ती बराच वेळ डोळे मिटून होती. मग म्हणाली, "आता जव्हारी ऐकायला येतीय बघ." तंबोऱ्याच्या तारांची ती झणकारती गुंज, तीच जव्हारी.

मागच्या दोन कोपऱ्यांत अजून खर्ज साठतो. तिथं उभे करायला पिंजाऱ्याकडे कापसाचे दोन जाडजूड लोड सांगितले आहेत, प्रत्येकी पाच फूट उंच. एवढे उंच लोड कशाला, असं त्यानं दोनदा विचारलं. दिवाळीआधी देतो म्हणालाय.