कर्णाला स्टेटस, होगनला नाही

2025 च्या ऑक्टोबरच्या 15 तारखेला टीव्हीवरच्या ‘महाभारता’तले कर्ण, पंकज धीर गेले. बातमी वाचल्यावर मी ऑफिसातूनच रथावरच्या कर्णाचा फोटो स्टेटसला ठेवला. दहा मिनिटांत कोल्हापुरातून धाकट्याचा मेसेज आला : ‘दादा, कर्णाला स्टेटस आणि होगनला नाही व्हय?’

जुलैत अमेरिकन पहिलवान हल्क होगन गेला तेव्हाही त्यानेच कळवलं होतं. ‘आपला होगन गेला.’ त्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं. तीन महिन्यांनी त्याने विचारलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. म्हणून हे लिहितोय.

ते वर्ष टीव्हीवरच्या माणसांसाठी वाईटच गेलं. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी प्रिया मराठे गेली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, कॅन्सरने. आमच्या ठाण्याचीच मुलगी. ‘पवित्र रिश्ता’मधली वर्षा म्हणून आई तिच्यावर रोज चिडायची. पुढे ‘तुझेच मी गीत गात आहे’ तिने तब्येतीमुळे मध्येच सोडली आणि त्या जागी दुसरी नटी आली, तेव्हा आई आठवडाभर म्हणत होती, ‘ही ती नव्हे.’ बातमी आली त्या दिवशी आईने संध्याकाळी टीव्ही लावलाच नाही. मग ऐन दिवाळी सरताना, 25 ऑक्टोबरला, सतीश शाह गेले. ‘ये जो है जिंदगी’त दर भागात नवा माणूस होऊन येणारे. त्यांना निरोप देताना ‘साराभाई’च्या मंडळींनी मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं, तो व्हिडिओ मला पूर्ण बघवला नाही. या दोघांसाठी वाईट वाटलं ते सरळ वाटलं. आत कुठे काही अडलं नाही.

कर्णाचंही तसंच. 1988 मध्ये मी नऊ वर्षांचा होतो. शिवाजी पेठेत आमच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे वीसेक माणसं फरशीवर बसायची आणि आजीला तेवढी खुर्ची मिळायची. मी रंगाने काळा. वर्गात मला नावाने कुणी हाक मारत नसे, ‘काळ्या’ म्हणत. त्यामुळे पडद्यावर कुणी ‘सूतपुत्र’ म्हटलं आणि पंकज धीरांचा जबडा आवळला गेला, की माझाही आवळायचा. धीरांची आधी अर्जुनासाठी निवड झाली होती. बृहन्नडेच्या प्रसंगासाठी मिशी उतरवायला त्यांनी नकार दिला आणि ती भूमिका गेली, असं ते सांगत. बरं झालं गेली. दुसऱ्या कुणाचा कर्ण मला आजही डोळ्यांपुढे आणता येत नाही.

रथाचं चाक रुतलं त्या रविवारी आजी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, ‘चाक तरी काढू द्या रं त्याला.’ घरी परतताना मात्र म्हणाली, ‘भरल्या सभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलला हुता. त्येचं त्येला मिळालं.’ मी म्हटलं, मग रडलीस का? ती म्हणाली, ‘रडू आलं म्हणून रडले.’

होगन आला तो केबलबरोबर, 1992 च्या सुमाराला. त्याआधी ट्रंप कार्डांत, म्हणजे पहिलवानांचे फोटो आणि आकडे छापलेल्या पत्त्यांत, आला होता. उंची, वजन, छाती, बायसेप्स. होगनचं कार्ड हातात असलं की मी डोळे मिटून ‘बायसेप्स’ म्हणायचो. कोपरा दुमडलेलं ते कार्ड मी कंपासपेटीत कोनमापकाखाली ठेवत असे. 1987 च्या रेसलमेनियात, म्हणजे अमेरिकन कुस्तीच्या मोठ्या शोमध्ये, त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं, ती कॅसेट भाड्याने आणून आम्ही तीनदा पाहिली. आजोबा तालमीतले, खासबागेत कुस्त्या धरलेले. ते मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, ‘ठरलंय त्यांचं. आपटी खाणाऱ्यानं अंग दिलंय बघ, न्हाईतर येवढं धूड उठंल व्हय?’ मला राग आला होता. आज वाटतं, आजोबांनी बरोबर ओळखलं होतं. होगनही टीव्हीवरचा नटच होता, फक्त त्याचा रंगमंच चौकोनी दोरांचा होता. आणि आंद्रेने त्या दिवशी आपल्या पाठीवर त्याला मोठं केलं.

2015 मध्ये होगनच्या एका जुन्या टेपमधलं बोलणं बाहेर आलं. मुलीच्या मित्राबद्दल बोलताना होगन काळ्या लोकांना घाणेरड्या शिव्या घालत होता आणि वर आपण वर्णद्वेषी आहोत असंही म्हणत होता. 24 जुलै 2015 ला डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे हे कुस्तीचे शो करणाऱ्या कंपनीने, त्याच्याशी करार तोडला. मी छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. तरी ते वाचताना अंगावर शाळेचा गणवेश असल्यासारखं झालं. ज्याचं कार्ड मी जपलं, तो मला हाक मारणाऱ्यांच्या बाकावर बसलेला निघाला. 2018 मध्ये त्याला परत घेतलं, त्याने पहिलवानांसमोर माफीही मागितली. पण टायटस ओ’नील या काळ्या पहिलवानाला त्यात खरा पश्चात्ताप दिसला नाही, आणि मी टायटसच्या शब्दावर विश्वास ठेवतो. 2025 च्या जानेवारीत लॉस एंजलिसला प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि 24 जुलैला, करार तुटला त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, फ्लोरिडात तो गेला. वय 71.

धाकट्याचं म्हणणं, कर्णही बोललाच होता की. खरं आहे. पण कर्ण बोलला ते व्यासांनी लिहिलेलं होतं, पंकज धीरांनी ते म्हटलं आणि घरी गेले. होगनचे ते शब्द कुणी लिहून दिलेले नव्हते. हा फरक मला मोठा वाटतो. तरी आंद्रेला उचलतानाचा तो क्षण समोर आला की छातीत अजून तसंच उचंबळतं, हेही खोटं नाही. जुलैत त्या रात्री मी तो व्हिडिओ एकटाच पाहिला. डोळे भरले. कुणाला सांगितलं नाही.

भाऊबीजेनंतर धाकटा सहकुटुंब ठाण्याला आला. येताना त्याने रबर लावलेला गठ्ठा आणला. माझीच ट्रंप कार्डं, इतकी वर्षं त्याच्याकडे होती. जेवणं झाल्यावर फरशीवर पुतण्यासाठी डाव मांडला. तिसऱ्या हाताला माझ्याकडे दुमडल्या कोपऱ्याचं कार्ड आलं. मी ‘बायसेप्स’ म्हणालो आणि जिंकलो. पुतण्याने कार्ड उचलून बघितलं. ‘काका, हा कोण?’

मी कार्डं खाली ठेवली. आधी आंद्रेची गोष्ट सांगितली, मग टेपची.