कुठला पाय, ताई?

रविवार, रात्री पावणेबारा

मेथी निवडून झाली, तरी झोपेचा पत्ता नाही. म्हणून १९२९ सालचा ‘द ब्रॉडवे मेलडी’ लावला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला हा पहिला बोलपट. त्या वर्षी दुसरं एकही ऑस्कर त्याच्या वाट्याला आलं नाही, आणि पहिला अर्धा तास मला त्याचं नवल वाटत नव्हतं. कॅमेरा जागचा हलत नाही. बिचारा हलणार तरी कसा? त्याची घरघर आवाजात मिसळू नये म्हणून त्या काळी त्याला बंद खोक्यात कोंडून ठेवायचे.

गोष्ट महोनी बहिणींची. थोरली हँक, म्हणजे बेसी लव्ह; धाकटी क्वीनी, म्हणजे अनिता पेज. दोघी वॉडव्हिलमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्या काळच्या रंगमंचावरच्या करमणुकीच्या कार्यक्रमांतल्या. एका तिकिटात आठ-दहा ‘ॲक्ट’: गाणारे, जादूगार, कसरतवाले, विनोदी जोडगोळ्या, शिकवलेली कुत्री. आपल्या तमाशाचा फड एकत्र फिरतो; इथे ज्याची त्याची ट्रंक वेगळी. ‘सिस्टर ॲक्ट’ हा तर ठरलेला मालच होता, आणि त्यातल्या कित्येक ‘बहिणी’ एकमेकींच्या कुणी लागतही नसत. या दोघी मात्र सख्ख्या. गंमत बघा, वॉडव्हिलचं दुकान बंद पाडलं ते बोलपटांनीच. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर म्हणजे या कलावंतांची पंढरी; १९३२ मध्ये तिथेही सिनेमे लागले.

न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या नाटकांच्या पेठेत, आल्यावर निर्मात्याला हवी असते फक्त क्वीनी. ती त्याला गळ घालते की हँकलाही घ्या, आणि वर असं भासवा की तिच्या व्यवहारचातुर्यावर भाळून घेतलंत. हँक खूश! आपणच सौदा जमवला म्हणून मिरवते. इथे मी सावरून बसले. पुढे एडी येतो. त्याचं लग्न हँकशी ठरलेलं, पण जीव जडतो क्वीनीवर. बहिणीचं घर मोडू नये म्हणून क्वीनी एका श्रीमंत छचोराबरोबर हिंडायला लागते. दोघी एकमेकींसाठी खोटं बोलतात आणि दोघींनाही वाटतं, आपलं खपलं.

मध्येच ‘वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ हा नाच आहे. मुळात तो रंगीत होता, आता कृष्णधवलच उरलाय. पहिलं चित्रण निर्मितीप्रमुख अर्व्हिंग थालबर्गच्या पसंतीस उतरलं नाही. पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा ध्वनिविभागाचा डग्लस शिअरर म्हणाला, आवाज उत्तम आलाय, वादक कशाला परत बोलवायचे? तीच रेकॉर्ड लावा आणि नाचा. झालं, प्लेबॅकची वाट पडली! आपल्याकडे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात होते. पार्श्वगायन आलं १९३५ मध्ये, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या ‘धूपछाँव’मधून.

रेकॉर्डवर नाचणं म्हटलं की मला आमच्या चाळीतला गणपती आठवतो. कोळीनृत्य ताईनं बसवलेलं. पुढच्या रांगेत एकच जागा उरली होती आणि ती तिचीच. आयत्या वेळी ती म्हणाली, पाय मुरगळलाय, हिला उभी करा. ती जाऊन टेपरेकॉर्डरपाशी बसली. कॅसेट अडकायची म्हणून झाकणावर बोट दाबून, पूर्ण गाणंभर. मी नाचले, शिट्ट्या घेतल्या. रात्री मोरीत बसून खोबरेल तेलानं तिनं माझी लाली पुसली. आणि सकाळी तीच बाई दुधाची पिशवी घेऊन तीन जिने धडधडत चढून आली.

हँकचा तो प्रसंग ड्रेसिंगरूममधला. एडीचा जीव कुणावर आहे हे कळल्यावर त्याला डिवचून तिनं क्वीनीकडे पिटाळलंय. आता एकटी आरशासमोर. कोल्डक्रीम फासत मेकअप उतरवतेय, रडतेय, मध्येच हसतेय. क्रीम, आसवं, काजळ सगळं एक झालेलं. अख्ख्या सिनेमात ताठ उभं राहून बोलणारी माणसं, आणि या बाईनं त्या अवजड माइकसमोर नाटकीपणाचा लवलेश न ठेवता हे केलं. मग फोन उचलून मामाला सांगते, दौऱ्याचं काम घेते म्हणून. ऑस्करचं नामांकन तिला मिळालं, पारितोषिक गेलं मेरी पिकफर्डला. माझं मत हँकला.

शेवटी क्वीनी लग्न करून सुखात, आणि हँक नव्या जोडीदारणीला घेऊन स्टेशनच्या वाटेवर. सहा महिन्यांत ब्रॉडवेवर परत येऊ, असं तिला सांगतेय. चेहरा बघितला तर तिचं तिलाच ते पटलेलं दिसत नाही.

साडेबारा होऊन गेले. नाशिकला ताई केव्हाच झोपली असेल. उद्या सकाळी फोन करून विचारणार आहे, कुठला पाय मुरगळला होता गं, उजवा की डावा?