अक्कांचं नाव कुठं आहे?

तालुका विधी सेवा समितीत मी विधी स्वयंसेवक आहे, म्हणजे वकील नाही. कोर्टाच्या जिन्याखाली आमचं टेबल असतं. लोकांचं ऐकून घ्यायचं, अर्ज लिहून द्यायचा आणि कुठल्या कचेरीत जायचं ते सांगायचं, एवढंच काम. बहुतेक लोक एकेकटे येतात. त्या सोमवारी तिघं आले आणि टेबलासमोर खुर्च्या दोनच होत्या. काका उभे राहिले.

काका ७३ वर्षांचे, काकू ६९ आणि काकांची थोरली बहीण ७८. तिला सगळे अक्का म्हणत, मग मीही म्हणू लागले. काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले. सगळ्यांत वर स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला अकरा महिन्यांचा भाडेकरार होता. त्याची मुदत मार्चमध्येच संपली होती. दोन खोल्यांचं भाडं ६,५०० रुपये. डिपॉझिट त्यातच वळतं होऊन गेलेलं, वर तीन महिने थकलेले. मालकानं १५ तारखेपर्यंत जागा मोकळी करायला सांगितलं होतं. त्या दिवशी ८ तारीख होती.

कारखाना बंद पडल्यावर काका एका दुकानात हिशेब लिहायचे, त्यातून भाडं निघायचं. डोळ्यांनी दगा दिला आणि तेही सुटलं. आता घरात येणारा पैसा म्हणजे ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीकडून येणारं पेन्शन, महिना १,८७० रुपये.

माझ्या डोक्यात आधी श्रावणबाळ योजना आली. ६५ च्या पुढच्या निराधारांना महिन्याला १,५०० रुपये, आणि इथं बसणारे तीन. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. १,८७० गुणिले १२, म्हणजे २२,४४०. मी कॅल्क्युलेटरवर पुन्हा एकदा करून पाहिलं. १,४४० रुपये जास्त भरत होते. निदान अक्कांचा अर्ज वेगळा बसेल म्हणून तहसीलमधल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, रेशनकार्ड एकच आहे ना? मग उत्पन्नही एकच."

मग १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन फिरवली. तिथल्या मुलीनं आस्थेनं ऐकून घेतलं आणि जवळच्या दोन वृद्धाश्रमांचे नंबर दिले. एक भरलेला होता. दुसऱ्यात जागा होती, पण पुरुषांची आणि बायकांची इमारत वेगळी, आणि बायकांकडे एकच खाट रिकामी. उत्पन्न मोजायची वेळ आली तेव्हा हे तिघं एक घर होते. आसरा मागायला गेल्यावर मात्र तीन सुटी माणसं झाली. मला राग आला, पण कुणावर काढायचा हे कळेना. कारकून नियमानं बोलला होता आणि ती मुलगी तर गोडच बोलली होती.

"मुलंबाळं?" हे मी मुद्दाम शेवटी विचारते. मुलगा होता. २०१६ मध्ये काकांनी चाळीतली खोली विकून सगळे पैसे मुलाच्या फ्लॅटमध्ये घातले होते. लिहून काही घेतलं नव्हतं. काही वर्षं सगळे एकत्र राहिले, मग कुरबुरी सुरू झाल्या. पुढचं अक्कांनीच सांगितलं. "सून म्हणाली, सासू-सासऱ्यांना मी नाही म्हणत नाही, पण आत्यांची सोय दुसरीकडे बघा. मी याला म्हटलं, मला ठेव कुठंतरी आणि तुम्ही राहा. ऐकतो का?"

"आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो," काका म्हणाले. "ही चौदाची. शिवणकाम करून मला आयटीआयला घातलं." पुढं काही बोलले नाहीत. मला त्या सुनेचंही अगदीच चुकलं असं वाटलं नाही. दोन खोल्या, सात माणसं, त्यात दहावीतली मुलगी. पण ती माझ्या टेबलाशी आली नव्हती.

आधी मालकाला फोन केला. करार नोंदवलेला नव्हता. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवायची जबाबदारी मालकाची असते आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मी जरा जोरात सांगितलं. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट भाड्याची भरपाई घेता येते. ते मी सांगितलं नाही. फोन ठेवताना थोडी लाज वाटली, कारण तो माणूस वाईट नव्हता. त्या भाड्यातूनच त्याच्या कर्जाचा हप्ता जात होता. "दोन महिने थांबतो," तो म्हणाला, "पण थकलेलं लिहून द्यायला सांगा." काकांनी तिथल्या तिथं लिहून दिलं.

दोन महिन्यांनंतर काय? माझ्याकडच्या योजनांच्या यादीत 'घरभाडं' हा शब्द कुठंच नव्हता. निवाऱ्याचा खर्च मोजणारा एकच कायदा मला ठाऊक होता, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा, २००७ चा. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवास आणि औषधोपचार. प्रांताधिकाऱ्यांपुढं साधा अर्ज चालतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. पण अर्ज कुणाच्या तरी विरुद्ध करावा लागतो.

मी लिहायला घेतलं. काका कागदावर वाकून बघत होते.

"सामनेवाला म्हणजे?"

"ज्याच्याकडून मागायचं तो. मुलाचं नाव, पत्ता."

"मग राहू दे." त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

समेट अधिकारी असतो, सुनावणीआधीच दोन्ही बाजूंना बसवून बोलणं होऊ शकतं, हे सगळं मी सांगून पाहिलं. काका पिशवीची गाठ मारत होते. तोवर एक शब्द न बोललेल्या काकू म्हणाल्या, "लिहा हो ताई. भांडायला नाही बोलावत त्याला. आम्ही कुठं राहतो ते तरी कळू दे."

काका खाली बसले. अक्का कधी उठून उभ्या राहिल्या होत्या ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

रकमेवरून पुन्हा अडलं. या कायद्यात महिना १०,००० च्या वर मिळत नाही, म्हणून मी ९,००० लिहिले. काकांनी खोडायला लावले. त्याला दोन मुलं आहेत, भाड्यापुरतंच लिहा. समेटात ही रक्कम आणखी खाली येते हे मी दहा वेळा पाहिलेलं आहे, ते सांगितलंही. काही उपयोग झाला नाही. ६,५०० लिहिले.

शेवटी मी अर्ज वाचून दाखवला. काका म्हणाले, "अक्कांचं नाव कुठं आहे?"

अर्जदारांत तिचं नाव बसत नव्हतं. भाच्यावर आत्याचा असा हक्क नाही. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला नातेवाइकाकडून मागता येतं, पण ज्याच्याकडं त्याची मालमत्ता आहे किंवा वारशानं येणार आहे अशाच नातेवाइकाकडून. अक्कांच्या मागं राहणार होतं ते एक शिवणयंत्र. हे मी जमेल तेवढ्या सौम्य शब्दांत सांगितलं आणि तिसऱ्या परिच्छेदाखाली वाक्य वाढवलं: 'अर्जदारांसोबत त्यांची अविवाहित थोरली बहीण, वय ७८, राहते व तिचा सांभाळ अर्जदार करतात.'

"हे खोटं आहे," अक्का म्हणाल्या. "दोन वेळचा स्वयंपाक कोण करतं? याचे डोळे गेलेत, हिचे गुडघे."

काकू हसल्या. मी 'तिचा सांभाळ अर्जदार करतात' खोडून 'तिघे एकमेकांचा सांभाळ करतात' असं लिहिलं. खाडाखोडीशेजारी अर्जदारांची सही लागते. काकांनी केली, काकूंनी केली, आणि मग पेन अक्कांकडं गेलं. त्यांची सही लागत नव्हती. मी काही बोलले नाही.