वाळीत टाकलेल्या देशाचे राजदूत

पोर्तुगालचा सालाझार आपल्याला निदान गोव्यामुळे तरी माहीत असतो, पण त्याच्या शेजारचा फ्रँको म्हटलं की "हां, स्पेनचा हुकूमशहा ना" याच्या पुढे बहुतेकांची गाडी जात नाही. सध्या मी त्याच्या परराष्ट्र धोरणाबद्दल हाताला लागेल ते वाचतोय आणि माझं मत असं झालंय की धोरण बिरण काही नव्हतंच, खुर्ची सोडायची नाही एवढं एकच कलम होतं. ते राबवायला मात्र त्याच्याकडे वारा येईल तशी पाठ देणारी भयंकर हुशार माणसं होती.

नमुना म्हणून होसे फेलिक्स दे लेकेरिका घ्या. जून 1940, फ्रान्स कोसळतोय, सरकार पळत पळत बोर्दोला पोचलंय, आणि मध्यरात्री मार्शल पेतांचं नवंकोरं फ्रेंच सरकार जर्मनीला "शस्त्रसंधी करू" असा निरोप पाठवायला कुणाला बोलावतं, तर स्पेनच्या राजदूताला, म्हणजे या लेकेरिकाला. पुढे हाच माणूस विशी सरकारच्या, म्हणजे पेतांच्या जर्मनांशी जुळवून घेतलेल्या सरकारच्या, मागे तगादा लावून बसला की तुमच्याकडे पळून आलेले आमचे रिपब्लिकन, म्हणजे यादवी युद्धात हरलेले फ्रँकोचे विरोधक, आम्हाला परत द्या. स्पेनमधल्या कातालोनिया प्रांताचे अध्यक्ष लुईस कोम्पान्स यांना जर्मनांनी फ्रान्समध्ये पकडून स्पेनच्या हवाली केलं आणि 15 ऑक्टोबर 1940 ला बार्सिलोनात त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर आठच दिवसांनी फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या हेंडाय स्टेशनवर फ्रँको आणि हिटलरची ती प्रसिद्ध भेट झाली. फ्रँकोने मोरोक्को मागितला, धान्य मागितलं, इंधन मागितलं, आणि युद्धात कधी उतरणार याची तारीख काही दिली नाही. हिटलर नंतर मुसोलिनीला म्हणाला की पुन्हा असं बोलणं करण्यापेक्षा तीन-चार दात उपटून घेतलेले परवडले!

1944 मध्ये वारा फिरला आणि लेकेरिका थेट परराष्ट्रमंत्री झाला, आता दोस्त राष्ट्रांशी गोड बोलायला. तरी डिसेंबर 1946 मध्ये युनोने स्पेनला वाळीत टाकलंच, सगळ्यांनी माद्रिदमधले आपापले राजदूत परत बोलवा असा ठराव झाला. पोर्तुगाल, व्हॅटिकन, अर्जेंटिना असे मोजकेच जवळ राहिले, आणि उपाशी स्पेनला अर्जेंटिनाचा अध्यक्ष पेरॉन याच्या गव्हाने तगवलं. मग 1948 ला लेकेरिकाला वॉशिंग्टनला पाठवलं. राजदूत म्हणून जाता येत नव्हतं म्हणून हुद्दा काय, तर "दूतावासांचा निरीक्षक"! काम एकच, सिनेटर, कॅथलिक मंडळी, लष्करवाले, कापूसवाले यांना धरून ठेवायचं, जेवणं घालायची, पैसे देऊन वकील लावायचा. अध्यक्ष ट्रुमनला फ्रँको अजिबात आवडायचा नाही, पण कोरियात युद्ध पेटलं, कम्युनिस्टविरोधी मित्र हवेसे झाले आणि काँग्रेसने 1950 मध्ये स्पेनसाठी सव्वासहा कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. 1953 ला रोता, तोर्रेहोन, मोरोन, सारागोसा इथे अमेरिकन तळांचा करार, 1955 ला युनोत प्रवेश, आणि युनोत स्पेनच्या खुर्चीवर कोण बसलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

लोकांना हा माणूस आठवत नाही, आठवतो तो आन्हेल सान्झ ब्रिझ, आणि ते बरोबरच आहे म्हणा. 1944 चं बुडापेस्ट, वय चौतीस, तिथल्या स्पॅनिश दूतावासाचा प्रभारी. हंगेरियन सरकारकडून त्याने 200 ज्यूंना संरक्षण द्यायची परवानगी मिळवली, मग 200 माणसांची 200 कुटुंबं केली, मग कागदांना अ, ब, क अशा मालिका लावून प्रत्येक मालिकेत नंबर 200 च्या वर जाऊच दिला नाही. तपासणाऱ्याला कधीही 200 च्या आतलाच नंबर दिसणार! भाड्याने इमारती घेऊन त्यांच्यावर स्पेनच्या पाट्या लावल्या. रशियन फौजा जवळ आल्यावर त्याला निघावं लागलं, तर पेर्लास्का नावाचा एक इटालियन खुशाल स्पेनचा कॉन्सल बनून काम रेटत राहिला. पाच हजारांच्या वर लोक वाचले.

आता चीड आणणारा भाग. 1949 ला युनोत इस्रायलने स्पेनच्या विरोधात मत दिलं तेव्हा माद्रिदच्या परराष्ट्र खात्याने पुस्तिका काढली की बघा, आम्ही ज्यूंना किती वाचवलं. म्हणजे एका माणसाने जिवावर उदार होऊन केलेलं काम थेट सरकारच्या खात्यावर जमा. आणि याच सरकारच्या सुरक्षा प्रमुखाने, काउंट मायाल्देने, मे 1941 मध्ये देशातल्या ज्यूंच्या नोंदी करा असं परिपत्रक काढलं होतं, आणि त्याच वर्षी त्याला बर्लिनला राजदूत म्हणून पाठवलं होतं.

मधेच एक गंमत. जानेवारी 1960, हवानात कास्त्रो टीव्हीवर लाइव्ह भाषण करत स्पॅनिश दूतावासावर आरोप करतोय, आणि घरी बघत असलेला राजदूत लोहेन्दिओ इतका भडकला की उठला तो सरळ स्टुडिओत घुसला, कास्त्रोसमोर, कॅमेऱ्यासमोर, मला उत्तर द्यायचंय म्हणून! 24 तासांत देश सोडायचा हुकूम. पण संबंध तोडले का? छे. कट्टर कम्युनिस्टविरोधी फ्रँकोने तो अपमान गिळला आणि अमेरिकेच्या नाकावर टिच्चून क्युबाशी व्यापार चालू ठेवला.

मला सगळ्यात भारी जोडी वाटते ती कास्तिएया आणि आरेइल्झा यांची. 1941 मध्ये दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं की ब्रिटिशांच्या ताब्यातलं जिब्राल्टर आमचं, आफ्रिकेतला एवढा एवढा मुलूख आमचा. त्यातला कास्तिएया, जो पुढे हिटलरच्या बाजूने रशियात लढायला ब्लू डिव्हिजनमध्येही, म्हणजे स्पॅनिश स्वयंसेवकांच्या तुकडीत, गेला होता, तो 1957 ते 1969 परराष्ट्रमंत्री होता. जिब्राल्टरची सीमा त्याने बंद केली खरी, पण स्पेनची आफ्रिकेतली वसाहत विषुववृत्तीय गिनी त्याच्याच काळात, 1968 ला, स्वतंत्र झाला. आणि आरेइल्झा? तो ब्यूनोस आयर्स, वॉशिंग्टन, पॅरिस अशा तिन्ही ठिकाणी फ्रँकोचा राजदूत राहिला, मग विरोधकांत गेला, आणि नोव्हेंबर 1975 मध्ये फ्रँको मेल्यावर गादीवर आलेल्या राजा हुआन कार्लोसच्या पहिल्या सरकारात परराष्ट्रमंत्री होऊन युरोपच्या राजधान्या फिरत सांगत होता की स्पेनमध्ये आता लोकशाही येतेय, भरवसा ठेवा.