मागे भिंत, पुढे झाकण

कॅमेऱ्याच्या पडद्यावर गिअरबॉक्स दिसतच नव्हता. दिसत होता एक राखाडी गोळा, आणि चारही कोपऱ्यांत काळं. यंत्र पुन्हा चालू व्हायला पन्नास मिनिटं उरली होती. फिटरकाका चिंधीने हात पुसत उभे होते. तपासणीला आलेले साहेब काहीच बोलत नव्हते, आणि तेच जास्त टोचत होतं.

यंत्रांच्या तपासणी अहवालांसाठी फोटो काढणं हे माझं काम. त्या दिवशी मागणी दोन फोटोंची होती. एक गिअरच्या दातांचा, इतका जवळून की दाताच्या अंगावरचे खड्डे मोजता यावेत. दुसरा अख्ख्या यंत्राचा: मोटर, कपलिंग, गिअरबॉक्स, पायाचे बोल्ट, सगळं एकाच चौकटीत. अडचण दोन्हीकडे जागेची होती. यंत्रापासून मागच्या भिंतीपर्यंत जेमतेम दोन मीटर, म्हणजे मागे सरकायची सोय नाही. आणि दातांजवळ जायची परवानगी नाही. गिअरबॉक्सचं तपासणीचं झाकण उघडलं की कडेच्या आत हातही न्यायचा नाही, कॅमेरा तर नाहीच. कडेपासून दात साधारण चाळीस सेंटिमीटर खाली.

यासाठी अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स आणि रुंद दृश्य घेणारी वाइड लेन्स ऑफिसकडे मागून झाली होती. मागणं चालूच आहे. हातात होता साधा डीएसएलआर, त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ मिलिमीटरची जुनी किट लेन्स आणि एक ५५-२५० मिलिमीटरची लांब लेन्स (हा आकडा नाभीय लांबीचा: लहान तितकं रुंद दिसतं, मोठा तितकं लांबचं मोठं). दोन्हींच्या तोंडाला ५८ मिलिमीटरचे आटे होते, एवढं एक नशीब. समोरून फिरवून बसवायची कुठलीही काच दोघींना चालणार होती.

काचांची निवड मी आदल्या संध्याकाळी घरीच केली. माझ्याकडे क्लोज-अप लेन्सचा, म्हणजे मुख्य लेन्सवर चढवून जवळचं स्पष्ट दाखवणाऱ्या काचांचा, चारचा संच होता: प्लस १, २, ४ आणि १०. हे आकडे डायॉप्टरचे, चष्म्याच्या नंबरासारखेच. प्लस १० दिसली की हात आधी तिकडेच जातो, कारण मोठा आकडा म्हणजे मोठं चित्र. पण मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे अगदी लांबवर, ठेवला की वस्तू काचेपासून किती लांब असायला हवी, हे आधीच ठरलेलं असतं. शंभर सेंटिमीटरला डायॉप्टरने भागायचं. प्लस १० ला १० सेंटिमीटर, प्लस ४ ला २५, प्लस २ ला ५०. मुख्य लेन्स जवळ फोकस केली तर हे अंतर आणखी कमी होतं, वाढत मात्र नाही. आणि वस्तू किती मोठी उमटेल ते मुख्य लेन्सवरही अवलंबून असतं: तिची नाभीय लांबी मीटरमध्ये घ्यायची आणि डायॉप्टरने गुणायची. ५५ मिलिमीटरवर प्लस १० लावली तर ०.५५ पट. २५० मिलिमीटरवर प्लस २ लावली तर ०.५ पट. म्हणजे जवळपास सारखंच. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद, त्यामुळे अर्ध्या पटीला चौकटीत साधारण ४५ मिलिमीटर रुंदीचा भाग येतो. दोन-तीन दात त्यात नीट मावतात.

फरक एवढाच की एकीत मी दातापासून १० सेंटिमीटरवर, दुसरीत ५० वर. चाळीस सेंटिमीटर खोल दाताला प्लस १० काय कामाची? ती आत उतरवावी लागली असती, आणि उतरवली असती तरी लेन्सची सावली दातावरच पडली असती. प्लस २ ने मात्र लेन्सचं तोंड कडेच्या वर दहा सेंटिमीटर ठेवूनही काम होणार होतं.

मग संचातली प्लस २ लांब लेन्सवर चढवली आणि पॉलिश केलेल्या स्टीलच्या पट्टीवर करून पाहिलं. मध्यभाग चांगला आला. कडांना मात्र चकाकत्या रेघांच्या बाजूने जांभळी-निळी किनार. ही एकाच भिंगाची काच, निरनिराळे रंग एका जागी आणणं तिला जमत नाही. फुलांचा फोटो असता तर मी सोडून दिलं असतं. पण पोलाद जास्त तापलं की त्याच्या अंगावर अशीच पिवळसर, मग जांभळी, मग निळी झाक चढते. तेल कमी पडून दात तापले होते का, हे तपासणारे लोक त्या झाकेवरूनच ओळखतात. म्हणजे यंत्राला नसलेला रोग माझ्या काचेने लावला असता. रात्री नऊ वाजता एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन केला आणि त्यांची दोन भिंगं जोडलेली प्लस २ मागून आणली. चौपट जड, पण किनार जवळजवळ गेली. एकदा काच विकत घ्यायचीच असेल तर चार साध्या काचांच्या संचापेक्षा अशी एक जोडभिंगाची घ्यावी, हे माझं मत त्या रात्रीपासून पक्कं आहे.

वाइडचा हिशोब सोपा होता. १८ मिलिमीटरला दोन मीटरवरून रुंदीत सुमारे अडीच मीटर दिसतं, आणि यंत्र होतं ३.२ मीटर लांब. ०.७ पटीचा वाइड कन्व्हर्टर, म्हणजे लेन्ससमोर चढवून दृश्य रुंद करणारी भिंगं, लावला की १८ चे १२.६ होतात आणि साडेतीन मीटर मावतात. समोर बसणारा असल्यामुळे उजेडही खात नाही. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारे टेलिकन्व्हर्टर खातात, १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, आणि दुपटीचा दोन. हा ०.७ सुद्धा त्या सहकाऱ्यांनीच दिला. माझ्याकडे एक ०.४५ पटीचा होता, अंगावर ‘मॅक्रोसह’ असं लिहिलेला. कागदावर तो साडेपाच मीटर दाखवणार, प्रत्यक्षात कोपरे काळे आणि कडा चिखलासारख्या. तो बाद.

बाद केला तरी त्याच्याशी खेळण्याचा मोह आवरला नाही. हा कन्व्हर्टर मध्येच फिरवून दोन भागांत सुटतो. का सुटतो ते कळलं की गंमत वाटते. गॅलिलिओने १६०९ मध्ये आकाशाकडे रोखली तशी दुर्बीण, पुढे बहिर्गोल आणि डोळ्याशी अंतर्गोल भिंग असलेली, उलटी धरली की वाइड कन्व्हर्टर होतो. आता पुढे अंतर्गोल, मागे बहिर्गोल. पुढचा भाग काढून टाकला की मागे उरतं नुसतं बहिर्गोल भिंग, म्हणजेच जोरदार क्लोज-अप लेन्स. ‘मॅक्रोसह’ म्हणजे एवढंच. तो मागचा भाग किट लेन्सवर चढवून मी मनगटी घड्याळाच्या काट्यांचे फोटो काढत बसले आणि मग झोपायला गेले.

सकाळी आधी दात घेतले. झाकणाचे बोल्ट सोडण्यापूर्वी फिटरकाकांनी सगळ्यांना खिसे रिकामे करायला लावले. पेन, मोबाइल, किल्ल्या, माझ्या लेन्सची टोपणं, सगळं एका ट्रेमध्ये. “मॅडम, काच घट्ट बसलीय ना?” त्यांनी तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा स्वतः बोटाने फिरवून पाहिली. गिअरबॉक्समध्ये पडलेली वस्तू सापडेपर्यंत यंत्र बंद, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. मोजमापासाठी स्टीलची पट्टी दोरीला बांधून आत सोडली.

२५० मिलिमीटर, वर प्लस २, कॅमेरा स्टँडवर तिरका झुकवलेला. एफ १६, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, ठेवूनही स्पष्ट दिसणारी खोली अडीच मिलिमीटरच्या आसपास. ऑटोफोकस दातावरच्या तेलाच्या चकाकीवरच अडकत होता, तो बंद केला. मुख्य लेन्स अनंतावर ठेवली आणि स्टँडचं डोकं केसभर वर-खाली करत दाताचा मधला पट्टा पकडला. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूने दिला, त्याच्यासमोर पांढरा कागद. सरळ फ्लॅशमध्ये खड्डे भरून आल्यासारखे दिसतात. बाजूच्या उजेडात प्रत्येक खड्ड्याला सावली पडते आणि मोजता येतं. साहेबांनी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, “ही निळसर कड तुमची की दाताची?” मी कॅमेरा थोडा सरकवून तोच दात मध्यभागी आणला आणि पुन्हा काढला. कड गेली. जोडभिंगातही कडेला अंशभर उरतं ते. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली. सोळा दात झाले, झाकण बंद झालं, सगळं वेळेत.

मग वाइड. किट लेन्स लावली, तिच्यावर ०.७ चढवला, आणि वर सांगितलेला राखाडी गोळा समोर आला.

आधी वाटलं, ऑटोफोकसची मोटर गेली. जुनी किट लेन्स फोकस करताना पुढून फिरते, त्यावर एवढी जड काच टांगली तर बिचारी काय करणार? हाताने फोकस केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत गोळाच. मग वाटलं, उसना आणलेला कन्व्हर्टरच बिघडलेला. सहकाऱ्यांबद्दल मनात जे आलं ते लिहीत नाही. मग वाटलं, तेलाच्या वाफेने काच धुरकटली असेल. म्हणून पडदा चालू ठेवूनच कापडाने काच पुसायला गेले.

कापड काचेजवळ येता येता एका जागी लख्ख स्पष्ट झालं. धागा न् धागा मोजावा असा. काचेला टेकल्यावर पुन्हा पुसट.

दोन मीटरवरचं यंत्र दिसत नाही आणि नाकासमोरचं कापड दिसतं, म्हणजे मध्ये कुठेतरी क्लोज-अप लेन्स बसलेली आहे. कन्व्हर्टर काढला. खाली किट लेन्सच्या तोंडावर, साध्या फिल्टरसारखी पातळ, काल रात्रीची ती घड्याळवाली काच तशीच होती. काळ्या कोपऱ्यांचाही उलगडा झाला: त्या जादा रिंगमुळे ०.७ पुढे ढकलला गेला होता आणि त्याचीच कड चौकटीत येत होती. काच रात्रभर आट्यांत रुतून बसलेली. बोटांनी निघेना. फिटरकाकांनी ट्रेमधून एक रबरबँड काढला, रिंगेभोवती गुंडाळला आणि एका वळशात काढून हातावर ठेवली. काही बोलले नाहीत, हसले फक्त.

आता यंत्र दिसलं, अख्खं, दोन्ही टोकांना थोडी हवा ठेवून. एफ ११ वर कोपरेही बरे आले. फोटो साहेबांना दाखवला. ते इतका वेळ पाहत राहिले की मला पुन्हा घाम फुटला.

“शाफ्ट वाकलाय?”

शाफ्ट वाकला नव्हता. किट लेन्स १८ वर मुळातच रेषांना पिंपासारखा फुगवटा देते, कन्व्हर्टरने त्यात आपली भर घातली होती, आणि मी उभं राहून काढल्यामुळे शाफ्ट चौकटीच्या खालच्या भागात आला होता. संगणकावर हा बाक सरळ करता येतो, पण मूळ फाइलला हात लावायचा नाही ही आमच्या कामाची शिस्त. मात्र चौकटीच्या मध्यातून जाणारी रेषा असा फुगवटा वाकवत नाही. स्टँड शाफ्टच्या उंचीला आणला, मी गुडघ्यांवर बसले, शाफ्ट बरोबर मधोमध घेतला. तो सुतासारखा सरळ आला. छताजवळचा पाइप आणि पायाची कड मात्र धनुष्यासारखी वाकली, त्याला इलाज नव्हता. फिटरकाकांनी यंत्र चालू करायची घंटा दिली तेव्हा मी अजून गुडघ्यांवरच होते.

अहवालात त्या फोटोखाली साहेबांनी स्वतः एक ओळ घातली: ‘पाइप व पायाच्या कडेचा बाक भिंगाचा आहे, बांधकामाचा नाही.’

ती घड्याळवाली काच हल्ली माझ्या शर्टाच्या खिशात असते. नामपट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला उत्तम. पुढच्या भेटीला झाकण उघडण्याआधी फिटरकाकांनी ट्रे माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “आधी ती काच टाका मॅडम, मग बाकीचं.”