पाठमोरा

सिनेमा संपला की आमच्यात दोन पक्ष पडतात. पडद्यावर नावं वर सरकायला लागली की ही पायांनी चपला चाचपत उठते. "चला, नाहीतर पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास जाईल." मी बसून राहतो. नावं वाचायची असतात असं काही नाही. दिवे कोणी सांभाळले आणि जेवण कोणी पुरवलं यात मला कुठला रस! पण वाद्यवृंद खरा सुटतो तो याच वेळी. दोन तास बिचाऱ्याने संवादांच्या खाली, स्फोटांच्या मागे अंग चोरून वाजवलेलं असतं. आता कोणी बोलत नाही, कोणी मरत नाही, पाच-सहा मिनिटं सलग मिळाली आहेत. आणि नेमकी तेव्हाच दारं उघडतात, दिवे लागतात, पॉपकॉर्नच्या रिकाम्या बादल्या कोणाच्या तरी पायाने घरंगळत जातात. संगीतकार ऐन भरात असतो आणि त्याच्या वाट्याला येतात लोकांच्या पाठी.

अशा वेळी मला हॉलिवूडचा संगीतकार जॉन विल्यम्स आठवतो. 'जॉज' सिनेमातल्या ज्याच्या दोन सुरांनी १९७५ साली लोकांना समुद्रात पाय घालायची भीती घातली, तोच हा. शार्क, अंतराळयुद्ध, उडणारा सुपरमॅन असं सगळं करून झाल्यावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस हॉलिवूड न सोडता बॉस्टनला जाऊन एका वाद्यवृंदापुढे उभा राहिला. १९८० ते १९९३. तिथे लोक जागेवर बसलेले असत आणि पाठ त्याची असे.

ती पाठ मी एकदा पाहिली आहे.

१९९१ च्या मे महिन्यात कामानिमित्त मी तिकडे होतो. तिथे स्थायिक झालेला मावसभाऊ म्हणाला, "चल, तुला ऑर्केस्ट्रा दाखवतो." ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आला तो गणपतीचा मांडव. चमचमत्या कोटातला निवेदक, हुबेहूब किशोरकुमार गाणारा कोणी बँकेतला कॅशियर, ऑक्टोपॅडवर घामाघूम झालेला पोरगा आणि पुढच्या रांगेतून स्टेजवर जाणाऱ्या फर्माइशीच्या चिठ्ठ्या. भाऊ हसला. म्हणाला, "तसंच समज. फक्त वादक पन्नास-साठ जास्त."

सिंफनी हॉलमध्ये शिरलो आणि पहिला धक्का बसला तो टेबलांचा. इथल्या पॉप्सच्या, म्हणजे हलक्याफुलक्या मैफलींच्या हंगामात तळमजल्यावरच्या खुर्च्यांच्या रांगा काढून तिथे टेबलं मांडतात. लोक चार-पाच जणांचं टोळकं करून बसले होते, वाइनचे ग्लास भरले जात होते, सँडविचेस येत होती, आणि समोर स्टेजवर जगातल्या उत्तम वाद्यवृंदांपैकी एक वाजवत होता! आमच्याकडे बटाटावडा मध्यंतरात. तिसरी घंटा झाल्यावर प्लास्टिकची पिशवी नुसती कुरकुरली तरी मागून "शुक्" येतं. इथे काटे-चमच्यांची किणकिण चालू होती आणि कोणाला काही वाटत नव्हतं. मला मात्र सँडविच गिळवेना. संस्कार!

ही रीत जुनी आहे. हेन्री ली हिगिन्सन नावाच्या धनिकाने १८८१ साली बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पण हिवाळी हंगाम संपला की वादकांच्या पोटापाण्याचं काय? हिगिन्सन तरुणपणी संगीत शिकायला व्हिएन्नाला जाऊन आलेला होता. तिथे बागांमधून बिअरचे पेले भरत-रिचवत मैफली चालत, ते त्याच्या डोक्यात होतं. १८८५ पासून तेच वादक उन्हाळ्यात हलकंफुलकं वाजवू लागले. तोच हा पॉप्स. पहिल्या खुर्च्यांवरचे बहुतेक मानकरी त्यात नसतात; बाकी मंडळी तीच. म्हणजे हिवाळ्यात ब्राम्स वाजवणारा माणूस मे महिन्यात नाचाचे वॉल्ट्झ आणि सिनेमाची गाणी वाजवणार. शास्त्रीय मैफलीच्या साथीदाराने उन्हाळ्यात लग्नाच्या सुपाऱ्या घ्याव्यात, तसंच काहीसं. आणि तशी कामं करताना साथीदाराच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

विल्यम्सच्या आधी तिथे आर्थर फीडलर होता. १९३० पासून १९७९ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं! पांढऱ्या केसांचा, आगीच्या बंबांचा शौकीन, सगळ्या गावाचा लाडका म्हातारा. चार्ल्स नदीच्या काठी उघड्यावर फुकट मैफली त्यानेच १९२९ साली सुरू केल्या होत्या. १९७६ च्या ४ जुलैला अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त तो तिथे उभा राहिला, तेव्हा चारेक लाख लोक जमले होते असं सांगतात. अशा माणसाच्या जागी उभं राहणं म्हणजे आजेसासऱ्यांनी कमावलेल्या नावाच्या दुकानात जावयाने गल्ल्यावर बसणं.

त्यातून हा सिनेमावाला.

सिंफनी हॉलमध्ये एक गंमत आहे. स्टेजच्या आणि सज्ज्यांच्या कडेने थोर संगीतकारांची नावं कोरायला चौकटी केलेल्या आहेत. १९०० साली हॉल बांधला तेव्हा त्यात फक्त एक नाव कोरलं: बेथोवन. बाकीच्या चौकटी कोऱ्याच राहिल्या, कारण उद्या कोणाची कीर्ती टिकेल याची खात्री कोणाला वाटेना. मला ही सावधगिरी फार आवडते. आपल्याकडे चौकटी कोऱ्या राहिल्याच नसत्या. तिथे नगरसेवक लागले असते. तर त्या एकमेव नावाखाली, २९ एप्रिल १९८० ला, आपल्या पहिल्याच अधिकृत मैफलीत विल्यम्सने काय वाजवावं? 'स्टार वॉर्स'च्या नव्या सिनेमातला खलनायक, काळ्या शिरस्त्राणातल्या, घशातून घरघर श्वास घेणाऱ्या डार्थ व्हेडरचं संचलनगीत. सिनेमा यायला अजून तीन आठवडे होते. आज ती धून लग्नाच्या वरातीत बँडवालेसुद्धा वाजवतात, पण त्या रात्री टेबलांवर बसलेल्यांच्या कानांवर ती पहिल्यांदा पडत होती. आणि पडद्यावर बघायला काहीच नव्हतं. नुसते हात आणि पाठ.

सगळं गोड चाललं असं मात्र नाही. १९८४ च्या जून महिन्यात एका तालमीला नव्या रचनेचे कागद वाटले गेले, वादकांनी पहिल्यांदाच नजरेसमोर धरून ती वाजवली, आणि काहींनी तोंडाने सापासारखा फूत्कार टाकला. श्रोत्यांनी नव्हे हो, वादकांनी! विल्यम्सने राजीनामा दिला. आरडाओरडा केल्याचं कुठे वाचनात नाही. नुसता निघाला. मग मनधरणी झाली, काही आठवड्यांनी तो परतला आणि पुढे नऊ वर्षं राहिला. या प्रसंगात मला वादकांची बाजूही थोडी कळते. वर्षभर थोरामोठ्यांचं वाजवून शिणलेला माणूस रोज रात्री नवा कागद पुढे आला की चिडणार. पण त्या फूत्कारामागचा शब्द मला ओळखीचा वाटतो. "फिल्मी." तो आपण मराठी माणसंही असाच नाकातून म्हणतो, आणि मग आंघोळ करताना तीच गाणी म्हणतो.

आपल्या मुंबईतही ही सल होतीच. हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागे व्हायोलिनं, ट्रंपेट, चेलो वाजवणारे, स्वरलेखन करणारे कितीतरी जण गोव्याचे. त्यांची नावं तबकडीवर येत नसत. त्यांच्यातल्या अँथनी गोन्साल्विस या मजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाने १९५८ साली स्टुडिओतले वादक जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या रचनांची मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. एकदा तरी हे सगळं पडद्याशिवाय ऐका, एवढंच त्याचं म्हणणं असावं. पण त्याच्यामागे कोणी हिगिन्सन नव्हता. पुढे त्याचं नाव घरोघरी पोचलं ते त्याचा शिष्य प्यारेलाल याच्यामुळे, एका विनोदी गाण्यात, अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभच्या तोंडून.

सिनेमासाठी वाद्यवृंद चालवणं म्हणजे घड्याळाची नोकरी. समोर मोठं सेकंदाचं घड्याळ, वर पडदा. पडद्यावर एक उभी रेघ एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत येते, कडेला टेकली की पांढरा ठिपका लखकन चमकतो. त्याच क्षणी झांज वाजली पाहिजे, कारण त्याच क्षणी दार उघडतं. सुराला जरा रेंगाळावंसं वाटलं तर सोय नाही. सम चित्राची, आपण फक्त गाठायची. बॉस्टनमध्ये ते घड्याळ नव्हतं. 'ई.टी.' या सिनेमाच्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. शेवटची पंधराएक मिनिटं, सायकलींचा पाठलाग आणि निरोप, काही केल्या चित्राशी जुळेना. शेवटी दिग्दर्शक स्पीलबर्गने पडदाच बंद करायला सांगितला. म्हणाला, सिनेमा विसर, मैफलीत वाजवतोस तसं वाजव. विल्यम्सने वाजवलं, आणि मग स्पीलबर्गने त्या वाजवण्याप्रमाणे चित्रपट कापून जुळवला. हे १९८२ सालचं. तोवर विल्यम्सचे बॉस्टनमधले दोन उन्हाळे झाले होते. त्या उन्हाळ्यांनी त्याचा हात सैल केला असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय. पुरावा मागू नये.

त्या १९९१ च्या संध्याकाळी काय काय वाजलं, ते खरं सांगायचं तर मला धड आठवत नाही. तीन भाग होते, मध्ये दोनदा विश्रांती होती. आठवते ती एक गोष्ट. पाठमोऱ्या माणसाचे हात खाली आले, शेवटचा सूर त्या हॉलमध्ये विरत गेला आणि तो वळला. पांढुरकी दाढी, चष्मा, थोडासा संकोच. कुठल्याशा कॉलेजात गणित शिकवणारे सर वाटावेत. लोक उभे राहिले. सिनेमात ते असेच उठतात, पण तिथे पार्किंगकडे बघत उठतात. मग झेंडा खाली सोडला, सूझा या अमेरिकन संगीतकाराचं मार्च सुरू झालं, सगळं सभागृह तालावर टाळ्या वाजवायला लागलं. त्यांच्या झेंड्याशी माझा काय संबंध? पण वाजवल्या मीही. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी माझ्याकडे बघून ग्लास उंचावला.

१९९३ च्या डिसेंबरात त्याने ती जागा सोडली. त्याच महिन्यात 'शिंडलर्स लिस्ट' आला. त्यातलं इत्झाक पर्लमनचं व्हायोलिन मी थिएटरमध्ये ऐकलं, तेव्हा पहिल्यांदाच आजूबाजूला कोणी घाईने उठलं नाही. पण ते संगीतामुळे की चित्रपटामुळे, कोण जाणे.

परवाही मी बसलो होतो. ही पुढे जाऊन जिन्याशी उभी. नावं संपत आली, तंतुवाद्यं एका उंच सुरावर थांबली होती आणि आता फक्त खर्जातली चेलो उरली होती. झाडू घेतलेला पोरगा रांगेच्या टोकाशी येऊन थांबला. त्याला माझी रांग झाडायची होती.

"काका, काही राहिलंय का तुमचं?" त्याने विचारलं.

"एकच मिनिट," मी म्हणालो.

त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि तोही पडद्याकडे बघत उभा राहिला.